कोपराखालचा हात

मंगला गौरी, काशी

प्रिय वैदू,

वेणीमाधवकाका आणि सुनीतीकाकू उद्या नागपूरला निघतायत. त्यांच्याबरोबर रुखवताचे लाडू, तुझी पैठणी आणि एक पेन ड्राइव्ह देतोय. पेन ड्राइव्हमध्ये तुझी आई आहे, म्हणून काकांना तो वरच्या खिशात ठेवायला बजावलंय. हे पत्र मात्र काकूंकडे दिलंय, कारण काका कुठलीही वस्तू नीट ठेवतात आणि मग कुठे ठेवली ते विसरतात. तू आणि ऋतुराजनं काढून पाठवलेलं माझं तिकीटही मिळालं. तिकिटाविषयी शेवटी लिहितो.

आईला अर्धांगाचा झटका आल्यापासून तू एकदाही कसला हट्ट केला नाहीस. लग्न काशीत करता आलं असतं, पण ऋतुराजच्या आजींना या वयात एवढा प्रवास नको, आणि आईला डॉक्टर जिनासुद्धा उतरू देत नाहीत. तू ते समजून घेतलंस. फक्त एवढंच म्हणालीस की, बाबा, मंगलाष्टकं चालू असताना आई माझ्यावर अक्षता टाकताना मला दिसली पाहिजे. मांडवातल्या पडद्यावर, पण खाट नको, औषधाच्या बाटल्या नकोत, भिंत नको. मग ऋतुराजच्या मित्राचा फोन आला की काका, एक छोटंसं हलतं चित्र पाठवा, त्याची पार्श्वभूमी पारदर्शक करून. मागे फुलं लावायची की मांडव ते आम्ही बघतो. मी जन्मभर रेल्वेच्या कारखान्यात इंजिनांचे नकाशे काढलेत. मला वाटलं, कडेकडेनं कापायचं एवढंच ना, त्यात काय मोठंसं.

खालच्या मजल्यावरची मधुरा आठवते ना, शाळेत कॉम्प्युटर शिकवते ती? तिला गुरू केलं. हलतं चित्र म्हणजे तू लहानपणी वहीच्या कोपऱ्यांवर माणसं काढून पानं भरभर उलटायचीस, तेच. प्रत्येक पानावरची मागची बाजू काढायची. एखाद्या रंगावर बोट ठेवलं की तो रंग सगळ्या पानांवरून पुसला जातो. मी भिंतीच्या पांढऱ्यावर बोट ठेवलं. भिंत गेली, तिच्याबरोबर आईचे पिकलेले केसही गेले, आणि अक्षताही गेल्या, कारण तांदळाला कुंकू लावायला मी विसरलो होतो. तुझी आई तुळतुळीत डोक्यानं रिकामा हात हलवत होती. भिंतीच्या जागी राखाडी-पांढरे चौकोन दिसायला लागले, ते काहीतरी राहिलेला कचरा असावा म्हणून मी दुपारभर पुसत बसलो. मधुरा संध्याकाळी आली आणि म्हणाली, "काका, ते चौकोन म्हणजे तिथं काहीच नाहीये. रहने दीजिए." आईनं ते सगळं पाहिलं आणि ती हसली. झटक्यानंतर इतकी हसलेली मी पाहिली नव्हती, त्यामुळे दुपार वाया गेल्याचं मला काही वाटलं नाही.

दुसऱ्या खेपेला मी शहाणपणा केला. आईच्याच लग्नातला हिरवा शालू काढून तिच्या मागे ताणून बांधला. शाळेच्या कार्यक्रमात हिरवा पडदा लावतात असं मधुरानं सांगितलं होतं, मग हिरवा तर हिरवा. तांदळाला कुंकू लावलं. अक्षता झक्क दिसल्या, केस दिसले, आणि बांगड्या गेल्या. तुझ्या लग्नाचा चुडा तिनं चूडीवालीला घरी बोलवायला लावून दोन्ही हातांत भरून घेतलाय, हिरवागार. शालूबरोबर तोही पुसला गेला. पडद्यावर तिची दोन्ही मनगटं ओकीबोकी. मधुराच्या तोंडचं पाणीच पळालं, बिचारी म्हणाली, "अरे राम, काकूंना दाखवू नका." मी दाखवलं. आईनं आधी मनगटाकडे पाहिलं, मग मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मी जिवंत आहे याची खात्री करून घेतली आणि डाव्या हातानं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. शालूची घडी घालायला मला पुढचा तास लागला, तीही तिच्या पसंतीला उतरली नाही.

तिसऱ्यांदा निळी चादर लावली. आईच्या अंगावर निळं काही नव्हतं. पण एक अडचण पहिल्यापासूनच होती, ती मी तुला सांगितली नव्हती. आईचा उजवा हात वर जात नाही. डावा चांगला चालतो, डाव्यानं टाक म्हटलं असतं तर काम पहिल्या दिवशीच झालं असतं. पण डाव्या हातानं लेकीवर अक्षता टाकायला ती मुळीच तयार नाही. मान अशी हलवली की पुन्हा विचारायची सोय नाही. म्हणून प्रत्येक वेळी मी बाजूला बसून तिच्या कोपराखाली हात धरायचो, वर न्यायचो, आणि मग ती बोटं सोडायची. या वेळी मी कारखान्यातला जुना निळा शर्ट घातला, म्हणजे चादरीबरोबर मीही आपोआप पुसला जाईन. तसंच झालं. शर्ट गेला, बाही गेली, राहिला फक्त माझा पंजा, आईच्या कोपराखाली, कुठूनही न आलेला.

मधुरा म्हणाली, तेवढा पुसून टाका, दर चित्रात थोडंसंच आहे. मी बसलो. नकाशे काढलेला हात आहे, जमलं. शेवटी आई एकटीच राहिली, स्वतःच्या बळावर हात उचलून अक्षता टाकणारी, झटक्याच्या आधीची मृणालिनी. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. मी लॅपटॉप तिच्यापुढे नेला. तिनं खूप वेळ पाहिलं. हात वर जायचा, अक्षता पडायच्या, पुन्हा हात वर. मग तिनं डाव्या हाताचं बोट पुढे केलं आणि कोपराखालच्या त्या रिकाम्या जागेवर ठेवलं, आणि माझ्याकडे पाहत राहिली. झटक्यापासून तिला शब्द सापडत नाहीत, पण मला कळलं. पंजा मी परत आणला. पेन ड्राइव्हमध्ये जे चित्र आहे त्यात तो आहे.

आता तिकिटाचं. वैदू, मी येत नाही. मागे भाच्याच्या, विश्वेशच्या, मुंजीला एक दिवस प्रयागला गेलो होतो, तेव्हा सांभाळायला ठेवलेल्या बाईच्या हातून आईनं पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही, दाराकडे बघत बसून राहिली. नागपूरला जाऊन यायला किती दिवस लागतील ते तूच मोज. कन्यादान काका-काकू करतील, त्यांनाही तू लेकीसारखीच आहेस. तुझा हात ऋतुराजच्या हातात देताना मी तिथे नसेन, याचं दुःख मला आयुष्यभर राहील, आणि ते राहू दे. फोनवर हे बोलणं मला जमलं नसतं, म्हणून लिहिलं. आता एकच काम कर. ऋतुराजचा तो मित्र हुशार आहे, चित्र पाहून त्याला वाटेल की आईच्या कोपराखाली कुणाचा तरी हात चुकून राहिलाय, आणि चांगल्या मनानं तो पुसून टाकेल. त्याला आधीच सांगून ठेव, तो हात म्हणजे मुलीचा बाप आहे, त्याला राहू दे.

तुझाच, आणि आता ऋतुराजचाही,
बाबा