किलोमीटर तेच

८ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी इच्छापोरच्या गोडाऊनला. पांढरी गाडी जागच्या जागी दहा मिनिटं सुरू ठेवली, बंद केली, वर कव्हर. रजिस्टर: ‘कि. ४१,३८६. तेच.’ खाली सही. तीन वर्षं दर शनिवारी हीच ओळ. एकही शनिवार चुकवला नाही. ताप होता तेव्हासुद्धा.

परतताना अठवा लाइन्सला गाडीच्या मालकांकडे, वसंतकाकांकडे. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि विचारलं, “चालवलीस?”
“सुरू केली, काका.”
“ते नाही विचारलं.”

पक्षाघातानंतर शब्द तुटक येतात, पण टोमणा शाबूत आहे.

१५ नोव्हेंबर, शनि.
दहा मि. कि. तेच.
काकांची एकच मागणी. पांढरीत बसून एकदा डुमसच्या किनाऱ्यावर. आम्ही दर रविवारी जायचो. ते चालवायचे, मी शेजारी. मिलचा मेन्टेनन्स इंजिनिअर मालकाशेजारी बसतो म्हणून लोक बघायचे. गाडी इटलीची, दोन सीटची, वरून उघडी, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. लोक तर बघणारच. समुद्रावर टोमॅटोची भजी. माझ्या सीटवर चटणीचा डाग अजून आहे. मी शरमलो होतो, तर काका म्हणाले, राहू दे, गाडी वापरात आहे हे कळतं.

२२ नोव्हेंबर, शनि.
दहा मि. कि. तेच.
काकांचे चिरंजीव केतनभाई गोडाऊनला आले. एरवी वडिलांच्या गाड्यांकडे फिरकत नाहीत. पांढरीला गिऱ्हाईक मिळालंय. परदेशात राहणारे गृहस्थ, घरात काचेची खोली बांधली आहे, तिथे ठेवणार.
मी विचारलं, “चालवणार नाहीत?”
“पाटीलसाहेब, एवढी जुनी आणि एवढी कमी चाललेली, म्हणून तर घेतायत. आणि तुमचं रजिस्टर. त्यांच्या माणसानं पानं बघितली, म्हणाला असं रजिस्टर कुठे बघितलं नाही.”
बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं.
मी डुमसचा विषय काढला. म्हणाले, “एक रिक्षा घासली तर? पप्पांना मोबाइलवर फोटो दाखवा.” आवाजात दुष्टपणा नव्हता. त्यांच्या जागी मी असतो तर वेगळं बोललो असतो?

२९ नोव्हेंबर, शनि.
ऑइलचं झाकण उघडलं. आतून पांढरट, सायीसारखं काहीतरी. बोटाला चिकटलं.
गाडी सुरू केली नाही. तीन वर्षांत प्रथमच रजिस्टर कोरं.

२ डिसेंबर
उस्मानचाचांना रांदेरहून घेऊन आलो. पांढरीचं इंजिन दोनदा त्यांनीच बांधलंय. आता डोळ्यांना कमी दिसतं. त्यांनी झाकणाचा वास घेतला.
“चलाई नहीं?”
“दर शनिवारी दहा मिनिटं सुरू करत होतो, चाचा.”
“खड़े-खड़े?”
“हो.”
त्यांनी झाकण पुन्हा लावलं. मग म्हणाले, “गाड़ी है, साहब. अगरबत्ती थोड़ी है कि जलाई और हाथ जोड़ लिए.”

दहा मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. आत पाणी धरतं. रस्त्यावर तासभर चाललं तर ते वाफ होऊन निघून जातं, उभ्यानं नाही जात. तेलात मिसळतं, गंज खातो. नुसती बंद ठेवली असती तरी इतकं बिघडलं नसतं.

म्हणजे मी. दर शनिवारी. सहीनिशी.

३ डिसेंबर
माझे पप्पा लिंबायतला यंत्रमागावर कामाला होते. दिवाळीच्या सुटीतसुद्धा खात्यावर, म्हणजे मागाच्या कारखान्यात, जाऊन माग थोडा वेळ चालवून यायचे. नुसतं बटण दाबून नाही, कापड निघेपर्यंत. मी सोबत जायचो, त्यांचा डबा धरून. मला हे माहीत होतं. मेकॅनिकलची डिग्री नंतरची.

बायकोला, सुनंदाला सांगितलं. पोळी लाटता लाटता तिनं आमच्या घरच्या अहिराणीत विचारलं, “आते काय करशात?”

६ डिसेंबर, शनि.
चाचांनी तेल बदललं. म्हणाले, आता हजिरा रोडला तासभर चालवून आणा, कदाचित वाचेल. आणि बुढ्ढे सेठला शेजारी बसवा, दोघांचं काम होईल.
मी म्हटलं, मीटर पुढे जाईल.
“केबल निकाल देता हूँ. मीटर सोता रहेगा.”
नाही म्हणालो. किलोमीटर लपवायचे म्हणजे लबाडी. चालवून खरं लिहायचं म्हणजे केतनभाईंचा शब्द मोडायचा. चाचा हात पुसत म्हणाले, “आप सोच लो. इंजन नहीं सोचता.”

१३ डिसेंबर, शनि.
कि. तेच.
केतनभाईंना पत्र लिहिलं. फाडलं. पुन्हा लिहिलं. पहिल्यात दोष पूर्ण माझा होता, दुसऱ्यात अर्धा. तिसरं लिहिलंच नाही.

२० डिसेंबर, शनि.
केतनभाईंच्या ऑफिसात जाऊन तोंडी सांगितलं. सगळं. साय, पाणी, गंज, माझी चूक. वाटलं होतं काढून टाकतील.
त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “बाहेरून दिसतं?”
“नाही.”
“मग? तो कधी चालवणारच नाही.”
मी म्हणालो, एकदा तासभर चालवू द्या. वाचेलसुद्धा.
“आता किलोमीटर वाढवून काय मिळणार? तुम्ही फार विचार करता. गाडी जाताना रजिस्टरला एक सर्टिफिकेट जोडा, दर आठवड्याला नियमित सुरू केली म्हणून. खरंच आहे ना ते?”
खरंच आहे.
इंजिन मेलं काय, जिवंत काय, कोणालाच कळणार नाही. माझ्या चुकीला शिक्षा नाही, कारण...

३ जानेवारी, शनि.
किल्ली घेऊन ड्रायव्हिंग सीटवर बसलो. वॉचमननं न सांगता फाटक उघडलं. समोर रस्ता मोकळा. वीस-एक मिनिटं बसलो असेन. उतरलो. त्यानं फाटक लावलं, तेही न विचारता.
कि. तेच.

१० जानेवारी, शनि.
पॅकिंगची माणसं आली. टाकीतलं पेट्रोल काढलं, बॅटरी काढून वेगळ्या खोक्यात. त्यांनी सीटवरचा चटणीचा डागही काढला. काहीतरी लावलं आणि पाच मिनिटांत गेला. मी बघत उभा होतो.
चाचांनी तेल बदलल्यापासून माझ्याकडे पस्तीस दिवस होते.

१४ जानेवारी, उत्तरायण
सगळं सुरत पतंग घेऊन गच्चीवर. केतनभाईंकडे पाहुणे, वर गाणी, उंधियूचा वास. काका खाली एकटे टीव्हीसमोर, टीव्ही बंद. सूनबाईंना जिन्यातून म्हटलं, काकांना जरा फिरवून आणतो. वरून आवाज आला, “बे कलाकमां पाछा लावजो.” दोन तासांत परत आणा. त्यांना माझ्या गाडीत बसवलं. वाटेत चाचांना घेतलं. रस्ते रिकामे, वरून मांजा लोंबतोय. अशा दिवशी उघड्या गाडीत बसायचं म्हणजे गळ्याची भीती. म्हणून काकांच्या गळ्यात मफलर गुंडाळला.

गोडाऊनला पोचल्यावर पांढरीत काकांना ड्रायव्हिंग सीटवर बसवलं. डावा हात स्टिअरिंगवर. उजवा मी उचलून ठेवला, तो घसरला, पुन्हा ठेवला. मी शेजारी. एका हातानं स्टिअरिंग मी धरलं. चाचा आणि वॉचमन मागून ढकलत होते. फाटकातून बाहेर, इंडस्ट्रियल एस्टेटच्या रस्त्यानं शेवटच्या विजेच्या खांबापर्यंत आणि परत. आवाज फक्त टायरांचा आणि चाचांच्या धापांचा. मध्येच चाचा ओरडले, “सेठ, ब्रेक मत मारना, मैं मर जाऊँगा.” काका हसले. कितीतरी दिवसांनी तो आवाज ऐकला.

परत फिरताना त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, “डुमस आव्युं?”
मी म्हटलं, “हो काका. आलंच.”

१७ जानेवारी, शनि.
ट्रक साडेदहाला येणार. आता नऊ.
मीटर बघितला. ढकलण्यानंही चाकं फिरतात, हे त्या दिवशी मनात आलं नव्हतं की आलं होतं? शेवटचा सहा वर सरकलाय आणि खालून इंग्रजी साताची आडवी रेघ दिसते. नीट पाहिलं तरच.

केतनभाईंच्या माणसानं सर्टिफिकेट टाइप करून पाठवलंय. ‘नियमित सुरू केली. किलोमीटर ४१,३८६.’ फक्त सही हवी.

काकांना काल विचारलं, बरं वाटलं ना? म्हणाले, “इंजिनचा आवाज नव्हता.”

वॉचमन फाटक उघडतोय. पेन हातात आहे. रजिस्टरचा आजचा रकाना अजून कोरा आहे.