एक काच, एक खण

३ मार्च, मंगळवार

शिवणबाईंचा कागद आज माझ्या टेबलावर! इस्पितळाच्या शिवणखोलीत वीस वर्षं मशीन चालवतात. त्यांच्या हातच्या चादरी, गाऊन रोज बघतो, आजाराचा कागद आज पहिल्यांदा पाहिला. प्लीहा वाढलेली. हाडं दुखतात. हिरड्यांतून रक्त येतं. प्लेटलेट कमी. आजाराचं नाव — रिकामी जागा.

अठरा तारखेला प्लीहा काढायचं ठरलं आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, त्याआधी एकदा तुमच्या प्रोग्रामला विचारा. नाव सापडलं तर कदाचित काढावीच लागणार नाही."

विचारलं. लक्षणं भरली की जुळणाऱ्या आजारांची यादी येते; वरची पंधरा नावं छापली. एकही धड जुळत नाही. पहिलं तर तान्ह्या बाळांच्या आजाराचं! बाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या.

४ मार्च

दुपारी बाई स्वतःच दारात.

"काय म्हणतंय काका तुमचं यंत्र?"

"काही बोलत नाही अजून."

"म्हणजे तुमच्यावरच गेलंय." मग पोटाच्या डाव्या बाजूवर हात ठेवून म्हणाल्या, "पानथरी म्हणे माझी उशीएवढी झालीय. आधी सांगितलं असतं तर खोळ शिवून ठेवली असती."

मी हसलो. त्या गेल्यावर चहा घ्यायचं राहूनच गेलं.

५ मार्च

सूनबाईने जेवताना विचारलं, "बाबा, तुम्ही तिथे दिवसभर नक्की करता तरी काय?" आमची ही मध्येच — "घरी नसतात, तेवढं पुरे नाही का!"

सूनबाईला नीट सांगता आलं नाही. इथे लिहून बघतो.

शरीरात जे जे बिघडू शकतं, त्या प्रत्येकाला जाणत्यांनी एक ठरलेलं नाव आणि एक क्रमांक दिला आहे. नुसती यादी नाही, नात्यागोत्यासकट. 'प्लीहा वाढणे' हा 'प्लीहेचा बिघाड' याचा पोटभेद, तो आणखी मोठ्या कशाचा पोटभेद, असं वर वर जात एका मूळ शब्दापर्यंत. इंग्रजीत ऑन्टॉलॉजी म्हणतात. मी शब्दांचं गणगोत म्हणतो.

माझ्या प्रोग्राममध्ये असा प्रत्येक शब्द म्हणजे एक ऑब्जेक्ट. म्हणजे झाकणाचा डबाच समजा. डब्यात क्रमांक, नाव, अर्थ, त्याची इतर नावं, आणि 'मी कोणाचा पोटभेद' याची चिठ्ठी. बाहेरची चिकटपट्टी बदलली तरी चालेल, पण क्रमांकाला हात लावायचा नाही. रुग्णाच्या लक्षणाचा डबा आणि आजाराच्या लक्षणाचा डबा, दोघे चिठ्ठ्या वाचत वर चढतात. जितक्या लवकर भेटतील तितकं नातं जवळचं. एवढंच. सतरा हजार डबे आहेत.

वाचून पाहिलं. हे सूनबाईला सांगितलं असतं तरी तिने "हं" म्हणून वाढायला घेतलं असतं!

६ मार्च

आज डॉक्टरीणबाई माझ्या खोलीत आल्या होत्या.

सहज म्हणाल्या, "खरं सांगू का, मला पहिल्यापासून साठवणीच्या आजारांतला एक वाटत होता. पेशींत चरबीसारखं काहीतरी साचत जातं, तो. पण तुमची पूर्ण यादी पाहिली, त्यात तो एकशे बारावा. इतका खाली आहे म्हटल्यावर सोडून दिला."

सोडून दिला! माझ्या यादीमुळे!

मी लॅबमध्ये एकतीस वर्षं काचांवरच्या पेशी रंगवल्या. प्रोग्राम लिहायला निवृत्तीनंतर शिकलो, लायब्ररीतल्या पुस्तकांवरून, चुकत माकत. हे सगळं त्यांना ठाऊक आहे. तरी विश्वास ठेवतात. माझ्यावर नाही, यंत्रावर. ते यंत्र म्हणजे मीच, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

७ मार्च, शनिवार

सुट्टी. जेवणाच्या टेबलावर सगळं हातानेच मांडायला बसलो. तो आजार एकशे बारावा का?

ही म्हणाली, "वाट्या हलवू नका, दही लावलंय." एवढ्याशा जागेत कागद पसरले.

आजाराच्या नोंदीत लक्षण होतं — 'यकृत आणि प्लीहा दोन्ही वाढणे'. बाईंचं लक्षण 'प्लीहा वाढणे'. यकृत ठीक आहे. एका पायरीवर भेटायला हवे होते. माझ्या प्रोग्राममध्ये तिथे भेटतच नव्हते, थेट 'पोटातल्या इंद्रियाचा बिघाड' इथे जाऊन भेटत होते. एवढ्या लांबचं नातं म्हणजे लग्नपत्रिकासुद्धा न जाणारं.

मूळ फाईल उघडली. आजाराच्या त्या जोडलक्षणाखाली 'मी कोणाचा पोटभेद' याच्या दोन ओळी. एक, प्लीहा वाढणे. तिच्याखाली दुसरी, यकृत वाढणे. बरोबरच आहे, तो दोघांचाही पोटभेद.

माझ्या डब्यात चिठ्ठी एकच.

आधी प्लीहेची ओळ आली, ती लिहिली. मग यकृताची आली, ती त्याच जागेवर लिहिली. पहिली पुसली गेली. ना आवाज, ना तक्रार. दोन वर्षं!

असं का केलं असेन? लॅबमध्ये पहिल्याच महिन्यात आमच्या साहेबांनी दम भरला होता — "एक काच, एक खण!" एक काच दोन खणांत सापडायची नाही. सापडली तर कोणाच्या तरी पेशी कोणाच्या तरी नावावर गेल्या असं समजायचं. एकतीस वर्षांत माझी एकही काच चुकली नाही, याचा मला केवढा दिमाख! तीच शिस्त इथे आणून बसवली. काचेला चालते. शब्दाला चालत नाही.

दोन किंवा जास्त ओळींचे किती डबे आहेत ते मोजलं. चार हजारांवर.

८ मार्च

एका चिठ्ठीच्या जागी यादी ठेवली. सात ओळी बदलल्या. फक्त सात.

मग नवीनच घोळ. दोन वाटांनी वर चढलं की दोन्ही त्याच पूर्वजापाशी पोचतात आणि प्रोग्राम त्याला दोनदा मोजतो. तोही निस्तरला. संध्याकाळी हिने विचारलं, "झालं का?" म्हटलं, "झालं." "मग तोंड का असं?"

९ मार्च, सोमवार

साठवणीचा आजार — पहिला.

छापलेला कागद डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला, आणि चूकही सांगितली. पूर्ण सांगितली, खण-काचेसकट. त्यांनी कागद पुन्हा वरून खाली वाचला. मग म्हणाल्या, "आधी रक्त पाठवू." शिवणबाईंचं रक्त परगावच्या लॅबला गेलं. उत्तर यायला बारा दिवस. म्हणजे एकवीस तारीख. ऑपरेशन अठराला!

१० मार्च

शस्त्रक्रियावाल्या डॉक्टरांना सगळे पाठीमागे कात्रीसाहेब म्हणतात. माणूस वाईट नाही. पण आज भडकले.

"कालपर्यंत हेच यंत्र वेगळं सांगत होतं ना? उद्या तिसरंच सांगेल! प्लेटलेट उतरताहेत. एवढी मोठी प्लीहा धक्क्याने फुटली तर जबाबदार कोण? हे काका?"

बरोबरच विचारलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोच आजार असेल तर औषध आहे. सलाईनमधून, दर पंधरा दिवसांनी. प्लीहा आपोआप लहान होते. काढली तर परत बसवता येत नाही."

शेवटी ठरलं, बाईंनाच विचारायचं.

११ मार्च

बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळल्या.

"काका, तुमची चूक सापडली म्हणे?"

"हो."

"उसवलं का पूर्ण, की वरून ठिगळ मारलंय?"

"पूर्ण उसवून पुन्हा शिवलं, बाई."

"मग थांबते." कात्रीसाहेबांना म्हणाल्या, "साहेब, कापड एकदा कापलं की झालं. दहा दिवस जड उचलणार नाही, वाकणार नाही. मशीनवर दुसरी बसेल. तिला टाके वाकडे येतात, तेवढं सोसा!"

कात्रीसाहेब हसले नाहीत. पण तारीख पुढे ढकलली. बाईंना वॉर्डातच ठेवून घेतलं.

१४ मार्च

प्लेटलेट आणखी उतरल्या.

१५ मार्च

स्थिर.

१७ मार्च

रोज सकाळी वॉर्डात एक फेरी मारतो. बाई पडल्या पडल्या शेजारणींच्या गाऊनच्या नाड्या तपासतात. आज म्हणाल्या, "तुम्ही का येता हो रोज? तुमच्याकडे बघून मला वाटतं मीच मरतेय." उद्यापासून फेरी बंद, असा कानाला खडा लावला.

१८ मार्च

गेलोच.

२१ मार्च, शनिवार

सुट्टी, तरी गेलो. उत्तर आलं. तोच आजार आहे.

डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं. कात्रीसाहेब माझ्या खोलीपर्यंत आले, "काका, बरं झालं थांबलो," एवढंच म्हणाले. बाईंना सांगायला डॉक्टरीणबाई गेल्या, मी दाराशी. बाईंनी नाव दोनदा म्हणवून घेतलं. म्हणाल्या, "एवढं अवघड नाव! आणि मी सहा वर्षं नुसतं पोटाचं दुखणं म्हणत होते." मग डोळे पुसले, पदराने नाही, उशीच्या खोळीने.

पहिली सलाईन सोमवारी.

घरी आलो. ही म्हणाली, "आज जेवणार का माणसासारखं?" जेवलो.

२४ मार्च

डॉक्टरीणबाईंना मी होऊनच म्हटलं, दोन वर्षांत या प्रोग्रामने ज्यांना नाव दिलं नाही, त्या सगळ्या फायली पुन्हा चालवू. त्या म्हणाल्या, "मीही तेच म्हणणार होते." दोनशे सहा आहेत. आज सत्तर झाल्या. काहींची नावं बदलताहेत.

२५ मार्च

फाईल एकशे एकोणतीस. तोच आजार, पहिल्या क्रमांकावर. वय चौतीस, शाळेत चित्रकला शिकवते. तिची प्लीहा आम्ही चौदा महिन्यांपूर्वी काढली. ऑपरेशनआधीची माझी यादी फायलीला टाचलेली आहे, त्यात हा आजार नाही, खाली माझी सही. शुक्रवारी तिला बोलावलं आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही नसलात तरी चालेल, काका." म्हटलं, मी असेन.