रोजा सोडायच्या वेळची मीटिंग

उम्मी, तुझ्या हातांना सलाम.

मस्कतमध्ये मी बरी आहे. बाबांचा गुडघा कसा आहे?

आमच्या टीमची मीटिंग नेमकी रोजा सोडायच्या वेळी येते. तेव्हा चिलीत सकाळ असते आणि मनिलात रात्र, म्हणून दुसरी वेळ जमत नाही. काल मी कॅमेरा बंद करून खजूर तोंडात टाकला, तेवढ्यात चिलीच्या इग्नासिओने मलाच कामाचा प्रश्न विचारला. मी भरल्या तोंडानेच उत्तर देऊ लागले.

"विसाल, जेवतेयस का?"

"रोजा सोडतेय."

"मग आधी सांगायचंस ना, बाई! खा निवांत, आम्ही थांबतो."

मी कॅमेरा लावून शोरबा प्यायले. मनिलाच्या लूर्देसनेही सोबत म्हणून बिस्किट घेतलं.

तर मी एकटी जेवते, असं बाबांना सांगू नकोस. फक्त वाडगा रिकामा झाल्यावर "अजून घे" असं कुणी म्हणालं नाही.

तुझीच,
विसाल