आठ प्रोसेसरांचा आलेख

४ मार्च १९९६. बीव्हर्टन.
आजपासून मोजमाप. आमच्या मशीनच्या डेटाबेसमध्ये सगळे प्रोसेसर एकाच लॉकपाशी, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपापाशी, रांग लावायचे. वर्षभर खपून मी त्याची अनेक छोटी लॉक्स केली. आता आठ प्रोसेसर आठ माणसांचं काम करतील. संकल्प: प्रत्येक चाचणी पुन्हा पुन्हा करायची, सरासरीच लिहायची, वाईट आकडा लपवायचा नाही.

६ मार्च
आठांवर वेग जुन्याइतकाच. पहिली फेरी धरत नाही, मशीन नुकतंच सुरू झालेलं असतं. दुसरीच्या वेळी बॅकअप चालू असावा. कुणाला विचारलं नाही.

८ मार्च
शेजारची मार्लीन, आमच्या टीममधली सर्वांत जुनी, आलेख बघून म्हणाली, गॉर्डन, तुझी रेघ अर्ध्या टेकडीवरच बसली की रे. मी हसलो. हसायला नको होतं.

११ मार्च
सापडलं. दोष लॉकचा नाही, चाचणीचा. आठही जण एकाच तक्त्यात लिहीत होते. प्रत्येकाला वेगळा तक्ता दिला. वेग सहापट. हे फक्त निदानासाठी. उद्या पूर्ववत करीन.

१२ मार्च
पूर्ववत करण्याआधीच मॅनेजर ड्वेनने आलेख पाहिला. आजच जाहिरातीच्या पत्रकात छापायला देतो म्हणाला. मी वेगळ्या तक्त्यांची तळटीप हवीच, असा आग्रह धरला. तो म्हणाला, टाकू की, बारीक अक्षरात. तळटीप असली की मी लपवलं असं होत नाही.

१८ मार्च
पत्रक आलं. तळटीप वाचायला भिंग लागतं. मार्लीन म्हणाली, आठ स्वयंपाक्यांना आठ स्वयंपाकघरं दिलीस आणि सांगत फिरतोस, भांडण झालं नाही. तिला माझा मत्सर वाटतो. (नाही वाटत. उगाच लिहिलं.)

२ एप्रिल
ग्राहक मेळावा. युजीन गावच्या लाकूडवखारींच्या संघाचा रॉय टोलेफ्सन भेटला. म्हणाला, आमच्या सगळ्या वखारी पावतीचा पुढचा नंबर एकाच ठिकाणाहून घेतात, तुमच्या मशीनला चालेल ना? आमच्या संचालकांपुढे मीच तुमच्यासाठी शब्द टाकणार आहे, असंही म्हणाला. मी म्हणालो, साधारणपणे चालतं. ‘साधारणपणे’ हे खोटं नव्हे. तरी उद्या फोन करून नीट सांगणार.

३ एप्रिल
घसा बसलाय. फोन नाही.

९ एप्रिल
घसा बरा. रॉयने मशीन घेतल्याचं कळलं. आता फोन केला तर त्याच्या मनात उगाच शंका.

२९ एप्रिल
रॉयचाच फोन. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, पावत्या निघत नाहीत, फाटकात ट्रक तुंबलेत, ड्रायव्हर विचारतात जुनं मशीन विकलं की आहे अजून. मग अवघडून विचारलं, यातले काही प्रोसेसर बंद करता येतात का? कसे ते सांगितलं. सहा बंद केल्यावर रांग मोडली, वेग तिप्पट झाला. त्याने आभार मानले आणि म्हणाला, हे बंद ठेवायचे सहा कशाला घेतले ते संचालकांना काय सांगू, तुम्हीच लिहून द्या. देतो म्हणालो.

ड्वेनकडे जाऊन सगळं कबूल केलं. तो म्हणाला, बंद केल्यावर तिप्पट? मग ही सुधारणाच झाली, आलेख काढ. मी स्पष्ट नकार दिला. असला आलेख माझ्या हातून होणार नाही, म्हणालो. त्याने विचारलं, बरं, रेघ कुठल्या रंगात उठून दिसेल?

निळ्या, म्हणालो.