बारावा ठिपका

३ सप्टेंबर, सोमवार

बिश्केकला पोचले! बसला नऊ तास लागले. (नाही, साडेआठ. चहाचा अर्धा तास मी उगाच धरला.) खोली शहराच्या कडेला ओमोर-अकेंच्या घरात आहे. ते पंपघर सांभाळतात. खिडकीतून एक रिकामं मैदान दिसतं, मधोमध करागाचाचं एकच झाड. इतकी मोकळी जागा पाहून घरचं कुरण आठवलं आणि बरं वाटलं.

काम शहराच्या संग्रहालयात. इथली जुनी नाट्यगृहं आता उरलेली नाहीत; ती कुठे होती ते शोधून नकाशावर ठिपके द्यायचे, मग त्या त्या जागी पितळी पाटी बसेल. प्रमुख दारिका-एजे हसऱ्या आहेत. म्हणाल्या, आत-बाशीच्या पोरी नुसतं मटण खातात की वाचतातसुद्धा? मी सांगितलं, अकरा वर्षांची होईपर्यंत मला आजोबांनीच शिकवलं, कुरणावरच्या तंबूत. आजोबांचा एकच नियम होता तो नाही सांगितला. डोळ्यांनी पाहिलंस तर लिही. ऐकलंस तर कुणाकडून ते लिही. दोन्ही नसेल तर पान कोरं ठेव. कोऱ्या पानाची लाज नसते.

११ सप्टेंबर, मंगळवार

अकरा सापडली. रस्त्यांची नावं तीनदा बदलली आहेत, पण पाण्याचे पाट बदलत नाहीत. जुना आराखडा घेऊन मी पाटाच्या कडेने पावलं मोजत जाते. एकाच्या जागी बँक आहे, एकाच्या जागी प्रसूतिगृह. तिथल्या सुईणीला सांगितलं की इथे रंगमंच होता, तर ती म्हणाली, तो अजून आहेच की, रोज दहा खेळ होतात आणि सगळे रडून सुरू होतात.

फक्त बारावं राहिलंय. ‘तुल्पार’, उन्हाळी, लाकडी. युद्ध संपल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मुलांच्या खेळाच्या वेळी जळालं. वर्तमानपत्रात दोन ओळी आहेत. पत्ता नाही.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

आज मी वाईट वागले. जसं घडलं तसं लिहिते.

नकाशा दुपारी छापखान्यात जायचा होता. निमंत्रणांवर ‘बारा’ आधीच छापलेलं. मी म्हटलं, अकराच ठेवू. दारिका-एजे म्हणाल्या, अगं शहाणे, ठिपका तो ठिपका, खाली उकरून कोण बघतंय? पालिकेचे साहेब उभे होते, सगळे माझ्याकडे बघत होते. मी ठिपका दिला. माझ्या खिडकीसमोरच्या मैदानावर, झाडापासून वीस पावलांवर. तेवढी एकच मोकळी जागा मला माहीत होती.

पुराव्याच्या रकान्यात लिहिलं: ‘एका स्थानिक वृद्धेची साक्ष.’

अशी कुणी वृद्धा नाही.

२० सप्टेंबर, गुरुवार

आज ती आली.

सकाळी पाटी बसली. दुपारी खिडकीतून पाहते तो एक म्हातारी पाटीजवळ चूल मांडून बसलेली. बुरमा-अपा, सत्तरीला टेकलेली, शिवणकाम करून जगलेली. मी जवळ गेले तशी म्हणाली, पोरी, नकाशा तूच केलास ना? तुझे हात दे. आणि हातांचे मुके घेतले.

ती तेव्हा नऊ वर्षांची होती, धाकटा भाऊ तुरात पाच वर्षांचा. आईने बजावलं होतं, त्याचा हात सोडू नकोस. खेळात पांढरा घोडा उडाला आणि तिने टाळ्या वाजवल्या. टाळी वाजवायला दोन्ही हात लागतात. त्यानंतर धूर. साठ वर्षांत तिने टाळी वाजवलेली नाही, नातवाच्या लग्नातही नाही. नाट्यगृह कुठे होतं तेही आठवेना. लहान होती, कुणाच्या तरी गाडीतून गेली होती. त्यामुळे गुरुवारी त्याच्यासाठी वास सोडायचा तर कुठे, हे तिला कधी कळलंच नाही.

आमच्याकडेही गुरुवारी तेल तापवून कणकेच्या सात चकत्या, सात टोकोच तळतात. तो वास आपल्या मेलेल्यांना पोचतो. पण आजी म्हणायची, वास आपल्या दारात सोडावा. परक्या जमिनीत कोण उपाशी पडलं असेल कुणास ठाऊक.

बुरमा-अपाने माझ्या हातावर टोकोच ठेवला. नाही कसं म्हणणार? खाल्ला. सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, खा गं, किती वाळलीस.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

काल ती पुन्हा आली होती. सातवा टोकोच पाटीवर ठेवून गेली. आज सकाळी पाहिला. चारही बाजूंनी चावे होते, लहान दातांचे. मोजले: अकरा. आणि अकराही एका मापाचे नाहीत.

कुत्रं असेल म्हणून ओमोर-अकेंचं कुत्रं घेऊन गेले. ते मैदानाच्या कडेच्या पाटाच्या अलीकडेच बसलं. ओढलं तर मुतलं.

१ ऑक्टोबर, सोमवार

‘तुल्पार’चा पत्ता सापडला. अग्निशमन दलाच्या जुन्या वहीत होता. रेल्वेच्या गोदामाजवळ, इथून चार किलोमीटर.

संध्याकाळी ओमोर-अकेंना विचारलं, या मैदानावर आधी काय होतं. म्हणाले, माझ्या बापाने सांगितलं ते सांगतो. उपासमारीच्या वर्षी डोंगरापलीकडून चालत लोक आले. शहरात पोचले आणि पडले. त्यांना इथे पुरलं, वर चुना टाकला. मुलंच जास्त. नावं कुणी विचारली नाहीत. म्हणून तर इथे कुणी घर बांधत नाही, आणि म्हणून तर तुला खोली एवढी स्वस्त.

म्हणजे सत्तर-बहात्तर वर्षं त्यांच्यासाठी कुणी तेल तापवलं नाही. आणि आता—

२ ऑक्टोबर, मंगळवार

दारिका-एजेंना वही दाखवली. म्हणाल्या, पाटी उपटली तर शहरभर हसं होईल. म्हातारी खूश आहे ना? मग तुला का पोटदुखी? आणि हळूच म्हणाल्या, सही तुझी आहे, उमसुनाय, माझी नाही.

खरं आहे. सही माझीच आहे.

४ ऑक्टोबर, गुरुवार

सांगायला गेले होते. नाही सांगितलं.

बुरमा-अपा खंगली आहे. हाडांवर नुसती कातडी. पण चेहरा उजळलेला. म्हणाली, तुरातने माझा हात धरला. गार आहे गं हात त्याचा. तेल उकळायला लागलं की येतो, सोडतच नाही. मग लाजून हसली. म्हणाली, लबाड, मित्रांनाही आणतो.

तिचा डावा तळवा पाहिला. लहान बोटांचे निळे वळ. सोळा मोजले, मग थांबले.

तेव्हाच सांगायला हवं होतं. माझी लाज मला तिच्या जिवापेक्षा मोठी वाटली. हे वाक्य खोडणार नाही.

९ ऑक्टोबर, मंगळवार

भर दुपार. मैदानावर कुणी नाही. टाळ्या.

मोठ्या नव्हेत. लहान हातांच्या, विस्कळीत, खेळ सुरू व्हायला उशीर झाला की वाजवतात तशा. ओमोर-अकेंनी खिडकी लावून घेतली आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

११ ऑक्टोबर, गुरुवार

सांगितलं. सगळं. साक्ष खोटी होती हेही.

ती ओरडली नाही. कढईत सहावा टोकोच होता, तो उलटला. डावा हात बाजूला लांबवलेला, मूठ मिटलेली. त्या मुठीकडे बघत म्हणाली, मग हा कुणाचा हात धरून बसलेय मी?

मी म्हटलं, अपा, सोडा. घरी चला.

म्हणाली, एकदा सोडला होता.

मी तिचा उजवा हात ओढला. पलीकडून ओढ आली. मी — मी सोडला. पळाले.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

बुरमा-अपा पाटीजवळ बसलेली सापडली. दोन्ही हात दोन्हीकडे लांबवलेले, मुठी मिटलेल्या. हृदय थांबलं म्हणतात. मुठी उघडल्या नाहीत, तशीच दफन केली.

तिच्या मुलीने मला मिठी मारली. म्हणाली, आईला जागा दिलीत.

१५ ऑक्टोबर

राजीनामा लिहिला. नकाशाखाली खरा पत्ता लिहिला. दारिका-एजेंनी दोन्ही फाडलं.

बसचं तिकीट काढलं. परत केलं. त्यांना बोलावलं मी, आणि जाऊ कुठे?

१७ ऑक्टोबर

टाळ्या दिवसभर. आता एका तालात.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

कढई मीच आणली. वही मांडीवर आहे. पाहिलंस तर लिही — लिहिते.

ऊन आहे. सात तळले. तेल उकळलं आणि ते आले. झाडापासून पाटापर्यंत, रांगा धरून, जमिनीवर बसलेले. अंगावर पीठ सांडल्यासारखा चुना. भांडत नाहीत. एक चावा घेऊन पुढे देतात. सात पुरले नाहीत. परातीत पीठ नाही —

तुरात त्यांच्यात नाही. बुरमा-अपा आहे. शेवटच्या रांगेत, दोन्हीकडे दोघं. ती माझ्याकडे बघत नाही.

मी त्यांना म्हटलं, चूक माझी. मी नाव घेतलं नव्हतं तुमचं. नावं सांगा, लिहून घेते. पहिली पुढे आली, सहा वर्षांची असेल. नाव सांगितलं नाही. शेजारी बसली. डावा हात धरला. गार आहे —

वही गुडघ्याने दाबून लिहितेय. सगळे टाळ्या थांबवून बघतायत. दुसरा उठला. माझ्या उजव्या बाजूला येतोय. थांब, म्हटलं, एवढं लिहू दे. खरा पत्ता: रेल्वेच्या गोदामाच्या मागे, पाटाच्या डाव्या काठाने चारशे दहा पाव