होय ते होय

आयखनडॉर्फ, मॅनिटोबा
१८ मे

चि. युस्टीनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

परवा सकाळी मी बाबांची दाढी केली, त्यांना खिडकीपाशी बसवलं आणि तू टीव्हीखाली ठेवून गेलेला तो काळा कॉम्प्युटर पहिल्यांदाच सुरू केला. तू गेल्यापासून त्यावर आईचा भरतकामाचा रुमाल पडून होता. तू दिलेला, आईच्या चित्रणाचा पेनड्राइव्ह लावला. आई दिसली. तीच निळी गोधडी, तोच उशाजवळचा पेला. ओठ हलत होते, पण आवाज नाही. पडद्यावर एक ओळ आली, की हा ध्वनी वाजवायला लागणारी सोय या यंत्रात नाही. मी टीव्हीचा आवाज वाढवत राहिलो. शेवटी बाबाच म्हणाले, "नॅ."

पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांच्यापाशी हा एकच शब्द उरला, हे तू पाहून गेलीसच. आता तो सगळ्याला लागतो. कॉफी हवी का विचारलं तर नॅ, आणि हात पुढे. निजायचं का विचारलं तरी नॅ, आणि डोळे मिटलेले. आपल्या बोलीतला 'नाही' एवढा ऐसपैस असेल असं मला वाटलं नव्हतं.

आईच्या शेवटच्या दिवसांत तू कॅमेरा कपाटावर ठेवून कामावर जायचीस, तिला वाटेल तेव्हा तुझ्याशी बोलता यावं म्हणून. त्यातल्या नऊ जानेवारीच्या तुकड्यात मी आहे. आई काही बोलते, माझे ओठ हलतात, मी उठून बाहेर जातो. बाबांना कधी वृद्धाश्रमात ठेवणार नाही ना, असं तिनं विचारलं आणि मी होय म्हणालो, तोच तो क्षण. पुढे आई डावीकडे पाहत आणखी काही बोलते. तिकडे बाबांचं फक्त कोपर दिसतं. काय बोलत होती दोघं? तू ते चित्रण पाहिलंस का? आवाज कसा आणायचा ते सविस्तर लिही. मला यातलं काही कळत नाही हे धरून लिही.

शाळेच्या बसचं काम फेब्रुवारीत सोडलं ते सोडलंच. बाबांच्या खुर्चीला घंटा बांधली आहे, ती ऐकू येईल तेवढंच माझं जग. टपालपेटीपर्यंत ऐकू येते, देवळापर्यंत नाही. ईस्टरनंतर देवळात गेलो नाही. रविवारी दहा वाजता इथेच स्वयंपाकघरात उभा राहून चार आवाजांच्या भजनातली तिसऱ्या आवाजाची ओळ म्हणतो. बाकीचे तीन आवाज मनात धरावे लागतात.

मनोऱ्याची शिडी जपून चढत जा.
तुझा
बर्नहार्ड

•

हरणटेकडी मनोरा, उत्तर अल्बर्टा
११ जून

प्रिय बर्नदादा,
स. न. वि. वि.

तुझं पत्र हेलिकॉप्टरनं बटाट्याच्या पोत्याबरोबर आणलं, त्यामुळे त्याला मातीचा वास आहे. मी शंभर फुटांवर काचेच्या डब्यात बसून जंगलात वणव्याचा धूर शोधते. कालचा धूर म्हणजे ढगच निघाला. खाली अस्वल असलं की उतरायचीही सोय नाही. सप्टेंबरपर्यंत तू घंटेला बांधलेला आणि मी शिडीला. आईनं दोन पाळीव जनावरं बरी वाढवली.

ते चित्रण मी पाहिलेलं नाही. उतरवून घेतलं, पण धीर झाला नाही.

आता कॉम्प्युटरचं. त्यातली प्रणाली फुकटची आहे. काही प्रकारचे आवाज आणि चित्रं वाजवायची सोय ते लोक मुद्दाम आत घालून देत नाहीत, कायद्याची भानगड असते. ज्याला हवी त्यानं मागून घ्यायची. मुख्य पडद्यावर चक्राचं चिन्ह आहे, ते दाब. आत 'ध्वनी-चित्र सुविधा जोडा' असं लिहिलेलं दिसेल. मग अटींचं एक पान येईल. त्याखाली 'होय' दाबायचं आणि एक कप कॉफी होईतो थांबायचं. एवढंच आहे, दादा. बटण दाबायला पदवी लागत नाही.

आता दुसरं. हे पत्र फाडू नकोस. निघण्यापूर्वी मार्चमध्ये मी वृद्धाश्रमाच्या यादीत बाबांचं नाव घालून आले. तुला सांगितलं नाही, कारण तू नुसता गप्प बसला असतास आणि तुझं गप्प बसणं मला सोसत नाही. तुझी पाठ गेली आहे. बाबांना उचलताना तू एकदा पडलास, हे तू लिहिलं नाहीस, पण शेजारच्या हेलेनामावशीनं लिहिलं. जागा झाली की ते तुला कळवतील. रागाव, पण विचार कर.

लोभ आहेच, तो या पत्रानं आटू नये.
तुझी
तीना

•

आयखनडॉर्फ
२ जुलै

चि. युस्टीनास,
आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही. घडी करून आईच्या भजनांच्या वहीत ठेवलं आहे.

वृद्धाश्रमाचं पत्र आलं. ऑगस्टअखेर जागा होते आहे, ऑगस्टच्या एकतीस तारखेच्या आत होय किंवा नाही कळवा. नाही म्हटलं तर नाव यादीच्या तळाला, आणि यादी दोन वर्षांची. मी ते बाबांना वाचून दाखवलं. जाल का विचारलं. म्हणाले, नॅ. इथेच राहायचं का विचारलं. म्हणाले, नॅ. मग मी रडलो, तेव्हाही तेच म्हणाले, पण माझ्या हातावर थोपटून.

तीना, तू माझ्या नकळत केलंस ते मला लागलं. पण तू खोटं बोलली नाहीस, नुसतं बोलली नाहीस, एवढा फरक मी करतो. माझी अडचण निराळी आहे. मी आईला होय म्हणालो आहे. आपल्या पंथात शपथ घेणं वर्ज्य; न्यायाधीशही आपल्या लोकांना ती घालत नाही, कारण आपलं होय शपथेच्या तोलाचं असतं असं तो धरून चालतो. ते मोडायचं तर मग माझ्यापाशी उरतं काय?

तुझ्या त्या बटणाचंही तेच झालं. अटींचं एक पान म्हणालीस, ती एकोणीस आहेत. तीन दिवस वाचतो आहे. शेवटी लिहिलंय, की मी हे सर्व वाचलं, मला समजलं, आणि मी राहतो तिथे ही सोय वापरण्याचा मला हक्क आहे असं मी खात्रीनं सांगतो. वाचलं हे खरं. समजलं हे अर्धं खरं. हक्काचं मला ठाऊकच नाही. मग होय कसं दाबू? खाली संस्थेचा टपालाचा पत्ता आहे. त्यांना विचारलं आहे.

तोवर रोज तो तुकडा लावतो. आईच्या ओठांवरून शब्द वाचायचा प्रयत्न करतो. 'तूस' एवढा ओळखू येतो, म्हणजे 'घरी'. बाकी काही नाही.

स्वयंपाकाचा गॅस बंद करत जा, तू विसरतेस.
बर्नहार्ड

•

हरणटेकडी मनोरा
२३ जुलै

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

त्या अटी वाचणारा पृथ्वीच्या पाठीवर तू पहिलाच. मनोऱ्यावर एकटी हसत होते. खाली हेलिकॉप्टरवाला सामान उतरवत होता, त्याला वाटलं हिचं डोकं फिरलं. त्याच्याकडेच हे देते आहे.

मग हसू गेलं. एका आवाजाच्या सोयीसाठी तू एकोणीस पानं वाचतोस, तळाला सही करण्यापूर्वी त्यांना पत्र घालतोस. आणि मरणाऱ्या आईनं विचारलं तेव्हा किती पानं वाचली होतीस? बाबांना झटका येईल, ते कुशीवर वळायलाही तुझ्यावर अवलंबून राहतील, तुझी पाठ मोडेल, यातलं काय तिथे लिहिलं होतं? मी आईचा अवमान करत नाही. एवढंच म्हणते, की त्या बटणाला जेवढा वेळ दिलास तेवढा स्वतःलाही दे. 'नाही'चंही बटण असतं. तेच दाबायचं असेल तर ते दाब, पण एकतीस तारीख तुझ्यासाठी निर्णय घेईल असं होऊ देऊ नकोस.

कठोर लिहिलं. उंचावर माणूस कठोर होतो. माया तीच आहे, तशीच राहू दे.
तीना

•

आयखनडॉर्फ
१ सप्टेंबर

चि. युस्टीनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

संस्थेतल्या एका बाईंनी हातानं लिहिलेलं तीन ओळींचं उत्तर आलं. आपल्या घरातलं चित्रण आपल्या घरात ऐकायला माझ्या देशात पूर्ण हक्क आहे, आणि हे विचारणारे तुम्ही पहिलेच. सोळा ऑगस्टला दुपारच्या फास्पाच्या खाण्याला बाबांच्या पुढ्यात पाव, चीज आणि मुरांबा ठेवला आणि मी होय दाबलं. तू म्हणालीस तेवढाच वेळ लागला. कॉफी झाली, आणि खोलीत आईचा आवाज आला. बाबांच्या हातातला पाव तसाच राहिला.

तिनं विचारलं ते मला आठवत होतं तसंच होतं. माझं होयही तसंच होतं, घोगरं. मग खुर्ची सरकली, दार आपटलं, मी बाहेर गेलो. त्यापुढचं मी कधी ऐकलंच नव्हतं.

बाबा म्हणाले, "नॅ, आगाता. असं होय घेऊ नये पोराकडून. त्याला पुढचं काही दिसत नाहीये."

आईनं गोधडी वर ओढून घेतली. मग म्हणाली, "त्याला घरी बांधून घातलं मी. तुम्ही त्याचं होय परत देऊन टाका."

"देतो. वेळ आली की मीच सांगतो त्याला."

एवढंच. मग ती पाणी मागते आणि चित्र संपतं.

तिला पुरल्यावर अकराव्या दिवशी बाबांना झटका आला. त्या अकरा दिवसांत आम्ही दोघं एकाच टेबलाशी जेवलो. त्यांना सुचलं नसेल किंवा संकोच वाटला असेल. मी तरी कुठे विचारलं? मी टीव्हीवरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पाव बशीत ठेवला, माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "नॅ." टीव्हीतल्यासारखंच, त्याच सुरात. सहा-सात महिने ते हेच सांगत होते, असं मी म्हणणार नाही. कधी कॉफीचंही असेल. पण त्या दिवशी मला ते समजलं. अर्धं नाही, पूर्ण.

तरी मी वृद्धाश्रमाच्या अर्जाची पानं दोनदा वाचली. सव्वीस तारखेला खाली होय लिहिलं.

काल सकाळी हेलेनामावशीच्या मुलाच्या गाडीतून बाबांना नेलं. खोली पूर्वेकडे उघडते. तुझा कॉम्प्युटर तिथल्या टीव्हीखाली लावून दिला, वर आईचा रुमाल. घंटा मी सोडून खिशात ठेवली. बसवाल्यांनी मंगळवारपासून ये म्हणून सांगितलं आहे, आणि रविवारी देवळात तिसऱ्या आवाजाला माणूस हवाच आहे.

उतरलीस की आधी त्यांच्याकडे जा, मग माझ्याकडे ये. निघताना मी दारात थांबून विचारलं, बाबा, राहाल ना इथे? ते म्हणाले, नॅ, आणि डोक्यावरची टोपी काढून त्यांनी खुंटीला अडकवली.

तुझा
बर्नहार्ड