गाडीचं छप्पर उतरवलं

नाना, आज इथं नांदेडला आपल्या झोपायच्या गाडीचं छप्पर उतरवलं. तुम्ही सात वर्षं ज्याच्याखाली झोपलात तेच, मागून वर उचललं की चहूबाजूंनी कापड ताणलं जायचं ते. आतली चौकट शाबूत निघाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण ताटकळत ठेवणं तुम्हाला कधी आवडलं नाही. मी शाळेतली एखादी लांबलचक कविता म्हणायला लागलो की तुम्ही मधेच विचारायचात, "शेवटी काय झालं ते सांग की आधी."

गेल्या पावसाळ्यात छपराच्या काठातून पाणी झिरपून तुमच्या गादीवर उतरलं. तुमच्या नातीनं गाडीत चढून बॅटरी मारली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. ती इथंच बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. आमच्या गल्लीत आता राहती घरं कमी आणि क्लासच्या मुलांना दिलेल्या खोल्या जास्त; सकाळी दूधवाल्याच्या आधी पाठांतराचा आवाज येतो, पण त्यात कविता नसते, नुसती सूत्रं. गाडी उभी आहे त्या जागेवर पोरीला मुलांच्या अभ्यासासाठी शेड टाकायचीय. म्हणाली, "बाबा, एकच बोलणं. छप्पर काढून बघू. काठच गंजला असेल तर दुरुस्त करू. चौकट खाल्ली असेल तर सरळ भंगार. मग वृत्तात गाऱ्हाणं घालायचं नाही." मी हो म्हटलं.

ती गाडी आली तेव्हा पोर तीन वर्षांची होती. भूकंपानंतर परदेशातलं एक डॉक्टर जोडपं औषधं घेऊन औशाकडं आलं होतं. परतताना नांदेडात इंजिन बसलं म्हणून आत झोपायची सोय असलेली ती गाडी, मी मराठी शिकवायचो त्या शाळेला देऊन गेलं. शाळेला तिचा उपयोग कळेना. मला कळला, कारण तुम्ही माझ्या नांदेडच्या घरात पाऊल ठेवायला तयार नव्हतात. आई आली, तुम्ही मात्र अंगणात लिंबाखाली बसून राहिलात. स्लॅबकडं बोट दाखवून म्हणालात, "एवढं वज्जं डोक्यावर घेऊन झोपतो व्हय रे तू?" मी गाडीचं छप्पर उचलून दाखवलं. तुम्ही आत वाकलात, कापडाला हात लावलात, पत्र्यावर बोटानं टिचकी मारलीत, आणि गावाकडनं आल्यावर पहिल्यांदा हसलात. "हे बरं हाय. पडलंच तर अंगावर पांघरूण व्हईल."

टिचकी मारून ऐकायची तुमची सवय गावाकडच्या माळवदाची, त्या मातीच्या सपाट छपराची. दर वर्षी मिरगाच्या आधी सगळं गाव माळवदावर नवी पांढरी माती टाकायचं, जुनीवर नवी, तिच्यावर पुढच्या वर्षाची. गळायला लागलं की आणखी एक थर. तुम्ही एकटेच असे, की भूकंपाच्या आधीच्या उन्हाळ्यात तुळईवर खोऱ्याचा दांडा आपटून आवाज ऐकलात आणि म्हणालात, "आवाज बसला. लई वज्जं झालंय. आता वरून थापायचं न्हाई, आधी खाली उतरवायचं." गल्ली हसली. शेजारचे काका म्हणाले, "काय हो, घर विकायला काढलं का? छप्पर सुटं विकता जणू!" मी सुट्टीला आलो होतो. आपण दोघांनी माती काढली, वर एकच पातळ नवा थर टाकला. तुमचं खोरं चालायचं आणि मी घमेलं धरून आठवीला शिकवायच्या ओळी म्हणायचो, तुम्ही ओरडायचात, "तोंड कमी, घमेलं जास्त!" भूकंपाच्या पहाटे भिंती उभ्या चिरल्या, पण हलकं झालेलं माळवद खांबांवर तोलून राहिलं आणि तुम्ही आणि आई चालत बाहेर आलात. शेजारच्या काकांच्या घरातून कुणीच आलं नाही.

आजचं सांगतो. मिस्त्री पन्नाशीचा आहे, चार पिढ्या पत्र्याचंच काम. आधी त्यानं कापडाच्या पट्ट्या सोडल्या, मग पुढच्या बिजागऱ्यांचे बोल्ट. दोन हलेनात, ते कापले. चौघांनी चार कोपरे धरले, "या अल्ला" म्हणून उचललं, आणि तुमचं छप्पर फरशीवर उताणं ठेवलं. गाडी उघडी पडली. काठावर बोटभर जाड डांबर. मिस्त्री खरवडत गेला, एकाखाली एक थर निघत गेले, आणि सगळ्यात खाली पत्रा नव्हताच, नुसता लाल भुगा. "या खुदा! सर, हे कुणी थापलं? दुश्मन व्हता का कुणी? पानी अंदर कोंडून ठेवलंय. उघडं ठेवलं असतं तर वाळलं तरी असतं." पोर माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "कुणीतरी जुन्या मिस्त्रीनं."

मग त्यानं हातोडी घेतली आणि चौकटीवर मारत निघाला. काठाशी भद, भद. आत वळला, आणि ठण्ण. पुन्हा ठण्ण. चारी बाजू फिरून आला तरी ठण्ण. आयुष्यभर मात्रा मोजल्या नाना, पण इतकी निर्दोष ओळ ऐकली नव्हती. मिस्त्री म्हणाला, "हड्डी पक्की हाय. काठ कापून नवा पत्रा जोडतो, आठ दिवसांत छप्पर बसवू. पर आता वरून काय लावू नक्को." पोरीनं मोबाइल काढून शेडवाल्याला सांगितलं, जागा बदला. मी बाजूच्या टायरवर बसलो आणि मला रडू आलं. तिला वाटलं, गाडीसाठी.

वर लिहिलंय, आपण दोघांनी माती काढली. ते खरं नाही. मागच्या धाकट्या खोलीवरची माती काढणं माझ्या वाट्याला होतं. तुम्ही औशाच्या बाजाराला गेलात त्या दिवशी मी पुस्तक घेऊन लिंबाखाली पडून राहिलो, आणि ऊन कललं तेव्हा जुन्या मातीवर तशीच नवी पांढरी पसरून टाकली. वरून सगळं सारखंच दिसत होतं. तुम्ही विचारलंत, "झालं का रे?" मी म्हटलं, "झालं." त्या पहाटे घरातली तेवढी एकच खोली बसली. आईचं अंथरूण तिथंच असायचं. उंदीर फार झाले म्हणून दोन दिवस आधी तिनं ते पुढं ओढलं होतं. केवळ उंदरांमुळं, नाना.

मी पोचलो तेव्हा तुम्ही त्या ढिगापाशी उभे होतात. खाली काळपट जुनी माती, वर पांढरा थर. जन्मभर माती बघितलेल्या माणसाला तो दिसला नसेल, असं मी स्वतःला किती वर्षं सांगत होतो! तुम्ही एवढंच म्हणालात, "ती भिंत कच्ची व्हती." मग येणाऱ्याजाणाऱ्याला, पुढं सात वर्षं गाडीपाशी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगितलंत, बहुतेक वेळा मी ऐकत असताना. भिंत कच्ची नव्हती. ती तुम्हीच बांधली होती.

आज तो भुगा फरशीवर पडला तेव्हा छातीवरचं काहीतरी हललं. लिहिता लिहिता आणखी हलकं वाटतंय. वरची खोटी ओळ खोडत नाही, राहू दे. हे पत्र टाकायला पेटी नाही आणि तुम्ही म्हणाल, एवढं लिहायची गरज काय होती, शेवटचं तेवढं सांगायचं. तर शेवटचं हे, की डांबर दर मिरगाच्या आधी मीच थापत होतो, तुम्ही गेल्यापासून, न चुकता. मिस्त्रीला उद्या खरं सांगतो.